चैत्रातली ओल : घरातील छुप्या पाणीगळतीचा शोध आणि दुरुस्ती

घोटीच्या परिसराला पावसाची उणीव कधी भासली नाही. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून अवघ्या ८-१० किलोमीटरवरील घोटीत तो काहीसा ओसरतो आणि नाशिक शहरी पोहोचेपर्यंत ७०० मिलिमीटरच्या घरात उतरतो. ज्येष्ठ सरता सरता भातखाचरे तुडुंब होतात, भिंती ओलावतात, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. घराला ओल येणे ही गोष्ट या भागात इतकी स्वाभाविक मानली जाते, की तिच्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. चार महिने भिंत ओली असते, हे खरे. परंतु उरलेल्या आठ महिन्यांत ती ओली का राहते, हा प्रश्नही मग विचारला जात नाही. नळाच्या फुटक्या सांध्याला पावसाइतके चांगले पांघरूण दुसरे नसेल.

प्रस्तुत भाषणाचा विषय आहे ही अवेळी दिसणारी, चैत्रात आणि वैशाखात टिकून राहणारी ओल. ती आभाळातून आलेली नसते. ती घरातल्याच नळातून, टाकीतून वा मोरीतून आलेली असते आणि तिचा माग काढणे हे साध्या माणसाच्या आवाक्यातले काम आहे.

इगतपुरी तालुक्याने इतरांना पाणी पुरविण्याचे काम शतकाहून अधिक काळ केले आहे. नांदगाव येथील दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी गोदावरीच्या कालव्यांनी पूर्वेकडील कोरडवाहू मुलखात गेले. पुढे ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईच्या वाट्याला आले. मुकणे, भावली ही धरणेही याच तालुक्यातली. एवढे असूनही चैत्र-वैशाखात येथील अनेक वाड्या-पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट चालतात, ही गोष्ट सभेतील कोणालाही नव्याने सांगावयास नको. कातळ पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. अशा मुलखात घरापर्यंत आलेल्या नळाच्या पाण्याचे मोल पावसाच्या आकड्यांवरून करता येत नाही.

हिशोबच मांडावयाचा तर असा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे किमान प्रमाण धरले. पाच माणसांच्या कुटुंबास त्या मानाने २७५ लिटर लागतात. आता घराच्या गच्चीवर टाकी आहे आणि तिच्यापासून सुमारे ५ मीटर खाली, न्हाणीघराच्या भिंतीत गाडलेल्या नळाला केवळ १ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आहे, असे समजा. गोधडी शिवण्याची सुई आरपार जाईल न जाईल एवढेच हे छिद्र. टाकीच्या उंचीमुळे त्यावर जो दाब येतो, त्याचा विचार केला तर त्यातून दिवसाला जवळजवळ ४०० लिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे त्या घरात पाच माणसांच्या जोडीला सात न दिसणारी माणसे पाणी वापरीत असतात. छिद्र दुप्पट रुंद झाले, तर गळती दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. गंजलेल्या नळाचे छिद्र तर दिवसेंदिवस रुंदच होत असते.

तथापि पाणी वाया जाते एवढ्यापुरताच हा प्रश्न असता, तर तो विजेच्या देयकाबरोबर मिटला असता. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ज्या वाटेने पाणी बाहेर जाते त्याच वाटेने घाण आत येऊ शकते. आपल्याकडील बहुतेक गावांत नळाला चोवीस तास पाणी नसते. सकाळी तास-दीड तास आले की वॉल्व्ह बंद होतो. पाणी येत असताना नळात दाब असतो, तेव्हा फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर उडते. वॉल्व्ह बंद झाल्यावर उताराकडील घरे नळातले उरलेसुरले पाणी ओढून घेतात. नळ रिकामा होतो आणि त्यात पोकळी निर्माण होते. ही पोकळी भोवतालची ओलसर माती, तिच्यातले गढूळ पाणी आणि नळ गटारातून गेला असल्यास गटाराचे पाणी आत खेचते. घराची नळजोडणी गटारातून आडवी नेण्याची चाल आपल्याकडे सरसकट आढळते. खोदाई वाचते, एवढेच तिचे समर्थन. त्यातच एखाद्याने मुख्य नळाला परस्पर विजेची मोटार लावली, म्हणजे ही खेच अनेक पटींनी वाढते. सकाळी नळाला पहिली दोन मिनिटे येणारे लालसर, वासाचे पाणी हे पुष्कळदा नदीचे नसून गल्लीतलेच असते.

या बाबतीत लंडनमधील एक जुनी हकिकत मननीय आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घरवार तपासून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले आणि त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. इतका भाग बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतो. उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. पंपाखालची विहीर मुळात बिघडली कशी, याचा शोध त्या भागातील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर चौकशी करून लावला. पंपाशेजारच्या ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या आरंभीच एक तान्ही मुलगी आजारी पडली होती आणि तिच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घरापुढच्या मैलखड्ड्यात ओतले होते. १८५५ मध्ये तो खड्डा उघडून पाहिला, तेव्हा त्याच्या विटांचे सांधे निखळलेले आढळले. विहिरीपासून त्याचे अंतर ३ फुटांहूनही कमी भरले. वरून पाहता त्या घरात काहीच बिघडलेले दिसत नव्हते. एवढ्या मोठ्या अनर्थाच्या मुळाशी एका घरातील विटांची न दिसणारी गळती होती.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळावयास हरकत नाही. घरातील पाण्याची व्यवस्था मनात दोन भागांत वाटून घ्यावी. पहिला भाग रस्त्यावरच्या मुख्य नळापासून घरच्या टाकीपर्यंतचा. तो पाणी येण्याच्या वेळेपुरताच भरलेला असतो, म्हणून त्याची गळतीही तेवढ्याच वेळात बाहेर पडते. दुसरा भाग टाकीपासून घरातल्या तोट्यांपर्यंतचा. तो रात्रंदिवस भरलेला असतो, म्हणून त्याची गळती रात्रंदिवस चालते. अंगणात एखादी जागा सकाळी दोन तास ओली होऊन दुपारपर्यंत सुकत असेल, तर दोष पहिल्या भागात. भिंत अष्टौप्रहर दमट असेल, तर दुसऱ्या भागात. प्लंबरला बोलावण्यापूर्वी घरमालकाने एवढे जरी सांगितले, तरी अर्धी भिंत फोडण्याचा खर्च वाचतो.

दुसऱ्या भागाची परीक्षा रात्री करावी. सर्वांची निजानीज झाल्यावर घरातल्या सर्व तोट्या घट्ट बंद कराव्यात, टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉकही बंद करावा आणि टाकीतील पाण्याची पातळी एका सरळ काठीवर खडूने नोंदवावी. काठी टाकीच्या तळाला उभी टेकली पाहिजे आणि दोन्ही वेळा एकाच जागी धरली पाहिजे. पहाटे कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा काठी बुडवावी. बाजारात मिळणारी १,००० लिटरची गोल टाकी साधारणतः १.१ मीटर रुंद असते. तिच्यात पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर पाणी गेले. सात तासांत ४ सेंटिमीटर उतार पडला, तर ३८ लिटर, म्हणजे दिवसाचे १३० लिटर. झाकण लावलेल्या टाकीतून रात्रीत वाफ होऊन जाणारे पाणी नगण्य असते, तेव्हा तो बहाणा येथे चालत नाही.

उतार आढळला, की दुसऱ्या रात्री टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळावरचाच कॉक बंद करून तीच परीक्षा करावी. तरीही पातळी उतरली, तर टाकी किंवा तिच्या तळाचा सांधा दोषी. पातळी स्थिर राहिली, तर दोष पुढच्या नळात. मग स्वयंपाकघराची, न्हाणीघराची, संडासाची शाखा एकेका रात्री बंद करीत जावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला चार-पाच रात्री लागतात. पण त्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. अडचण एवढीच की, पुष्कळ घरांत शाखांना स्वतंत्र कॉक बसविलेलेच नसतात. घर बांधताना दोन-चारशे रुपयांची ही काटकसर करणारा माणूस पुढे त्याच्या कैकपट रक्कम गवंड्याला देतो.

मीटर असलेल्या घरात हे काम अधिक सोपे होते. मीटरच्या तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चक्र असते. सर्व तोट्या बंद असताना ते हळूहळू फिरत राहिले, तर मीटरच्या पुढे कोठेतरी पाणी जात आहे. मात्र ज्या गावी ठराविक वेळीच पाणी येते, तेथे ही परीक्षा पाणी चालू असतानाच आणि टाकीकडे जाणारा कॉक बंद करूनच करावी; एरवी मीटर स्तब्धच दिसणार. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबविली, ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. नळात सतत दाब असला म्हणजे घाण आत खेचली जात नाही. आणि मीटर असला म्हणजे गळतीचा आकडा घरमालकाच्या देयकावर छापून येतो, तो कानाडोळा करण्यासारखा राहत नाही.

संडासातील फ्लशची टाकी हा सर्वांत चोरटा पाणीखाऊ होय. तिच्या तळाचे रबरी वायसर झिजले, की पाणी भांड्याच्या कडेने इतके संथपणे उतरते की ना आवाज येतो, ना डोळ्यांना दिसते. त्या टाकीत थोडी नीळ कालवावी आणि अर्धा तास कोणी फ्लश वापरू नये. भांड्यात निळसर छटा उतरली, की वायसर बदलावे. काही घरांत नीळ नसल्यास हळद टाकतात, पण हळद तळाशी बसते आणि परीक्षा फसते. वरच्या टाकीतील फ्लोट कॉकचीही अशीच गत. तो नीट मिटत नसेल तर जास्तीचे पाणी सांडव्याच्या नळाने वाहते, आणि तो नळ मोरीत किंवा पन्हळीत सोडलेला असल्यास वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. सांडव्याचा नळ दारातून दिसेल अशा जागीच काढावा. शेजाऱ्याने हटकले तरी बिघाड कळतो.

हे झाले पाण्याचे मोजमाप. परंतु घोटीत खरी कसोटी असते ती ओल वाचण्याची, कारण येथे ओलीचे अनेक जनक एकाच भिंतीत नांदतात. पावसाची ओल वरून वा बाहेरून येते, पश्चिमेच्या झोडपणाऱ्या भिंतीवर अधिक दिसते आणि दिवाळीनंतर मागे हटू लागते. जमिनीची ओल पायातून वर चढते. ती सहसा तीन फुटांच्या वर जात नाही, तिची वरची कड भिंतभर साधारण एका रेषेत राहते आणि तेथे पांढरा लोणा फुटतो. हवेतील दमटपणाची ओल थंड भिंतीवर दव पडावे तशी पसरते. ती ओळखण्यासाठी हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या खोलीकडील बाजूस दव जमले, तर पाणी हवेतले. भिंतीकडील बाजूस जमले, तर भिंतीतले. नळाची ओल या सर्वांहून वेगळी असते. ती ऋतू पाळत नाही, भिंतीच्या मध्यावर डागासारखी उमटते आणि खालच्या अंगाला ओघळत रुंद होते. मोरीच्या नळातली गळती मात्र अंघोळी आटोपल्यावर घटका-दोन घटकांनी दिसते आणि दुपारी फिकट होते, कारण तिला पाणी वापरानेच मिळते.

या निरीक्षणासाठी कसल्याही यंत्राची गरज नाही, पेन्सिल पुरेशी आहे. दिवाळीत घर झाडून झाले, की भिंतीवरील प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी आणि शेजारी तारीख घालावी. संक्रांतीला पुन्हा पाहावे, होळीला तिसऱ्यांदा. जो डाग रेघेच्या आत आटला तो पावसाचा. जो होळीलाही रेघेवर ठाण मांडून बसला, किंवा रेघ ओलांडून पुढे गेला, त्याच्यामागे नळ आहे. आपल्याकडे नेमके याच सुमारास लग्नसराई येते, मांडव पडायच्या आधी भिंतीला रंग चढतो आणि डाग तारखेसह झाकला जातो. रंगाने ओल दिसेनाशी होते, पाणी थांबत नाही. पुढच्या वर्षी पोपडे सुटतात तेव्हा दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

एक लक्षण मात्र भर पावसातच तपासावे. अनेक घरांच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते. उन्हाळ्यात तिला तडा असला, तर पाणी उतरते आणि लोक ते ओळखतात. आषाढात भोवतालची जमीनच पाण्याने भरलेली असते. तेव्हा तडा गेलेल्या टाकीची पातळी उतरत नाही, रात्रीतून उलट वाढते. घरातल्यांना वाटते, टाकी चांगली आहे, पाणी कमी होत नाही. वस्तुतः तिच्यात जमिनीतले पाणी शिरत असते, आणि दहा-पंधरा फुटांवर संडासाचा शोषखड्डा असेल, तर ते पाणी कसले असेल याची कल्पना केलेली बरी. म्हणून बंद टाकीची रात्रीची खूण वर्षातून दोनदा, एकदा वैशाखात आणि एकदा आषाढात, करणे अगत्याचे आहे. पातळी वाढलेली दिसली तर ते पाणी पिण्यास वापरू नये, टाकी उपसून आतून दुरुस्त करावी आणि निर्जंतुक करूनच पुन्हा भरावी.

भिंतीत गाडलेल्या नळाची नेमकी जागा हेरण्यास रात्रीची शांतता आणि एक लोखंडी सळई उपयोगी पडते. सळईचे एक टोक नळाच्या उघड्या भागावर, दुसरे कानाजवळच्या हाडावर टेकवावे. गळती असल्यास बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि जसजसे तिच्याजवळ जावे तसतसा तो ठळक होतो. मोठ्या शहरांच्या पाणीखात्यांतील अनुभवी माणसे रस्त्याखालची गळती अशीच कानाने शोधत आली. आजची विजेवर चालणारी उपकरणेही तोच आवाज मोठा करून ऐकवितात. हे ध्यानात ठेवावे की, पाणी भिंतीत खाली उतरते, म्हणून छिद्र डागाच्या मध्यावर क्वचितच असते. शोध डागाच्या वरच्या कडेपासून सुरू करावा, आणि तोही जेथे एल्बो, टी किंवा सॉकेट असण्याचा संभव आहे तेथे. सरळ नळापेक्षा सांधा आधी जातो.

ओली भिंत फोडण्याआधी विजेचा मुख्य खटका बंद करणे ही गोष्ट प्लंबरच्या भरवशावर सोडू नये. भिंतीत नळाशेजारूनच विजेच्या तारा गेलेल्या असतात, आणि ओल्या गिलाव्यात प्रवाह उतरल्याची पहिली सूचना पुष्कळदा छिन्नी धरणाऱ्या हातालाच मिळते. भिंतीला किंवा नळाच्या तोटीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर पाण्याचा तपास बाजूला ठेवून आधी तारतंत्रीला बोलवावे.

दुरुस्तीबाबत फार सांगण्याची गरज नाही; काय करू नये हे सांगणे अधिक उपयुक्त. फुटक्या सांध्यावर सिमेंटचा लपका मारणे, वरून चिकटपट्टी वा लांबी थापणे, हे उपाय आठवडाभर चालतात. दाबाखालचे पाणी दुसरी फट शोधते आणि मग ते चार फूट पलीकडे प्रगट होते. जुन्या लोखंडी जी.आय. नळांत गंज सर्वप्रथम आटे खातो, कारण आटे पाडताना जस्ताचा थर खरवडला गेलेला असतो. एक सॉकेट गळू लागले, तर त्याच वयाची बाकीची सॉकेटेही वाटेवर असतात. अशा वेळी ठिगळ लावीत बसण्यापेक्षा ती ओळ बंद करून नवा नळ भिंतीवरून उघडाच न्यावा. तो दिसावयास ओंगळ दिसतो, ही तक्रार खरी आहे, पण तो गळू लागला तर त्याच दिवशी कळते.

प्लास्टिकच्या नळांच्या बाबतीत घिसाडघाई नडते. नळ सरळ कापून, कडा घासून, पुसून कोरडा केल्यावरच सोल्युशन लावावे, सांधा किंचित फिरवून बसवावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी पाणी सोडू नये. साधा पी.व्ही.सी. नळ गरम पाण्यासाठी नाही, त्यासाठी सी.पी.व्ही.सी. नळ आणि त्याचेच वेगळे सोल्युशन लागते. पितळी आट्यांचा जोड पान्याने प्रमाणाबाहेर आवळला, की प्लास्टिकला केसासारखी चीर जाते आणि ती सहा महिन्यांनी बोलते. न्हाणीघराच्या फरशीखालची गळती असेल, तर नहाणी ट्रॅपचे तोंड कापडाने बंद करून दोन बोटे पाणी चोवीस तास तुंबवून पाहावे. खालच्या छताला ओल दिसली, तर दोष फरशीच्या सांध्यांत, न दिसली तर ट्रॅपच्या पुढच्या नळात. दुरुस्ती आटोपल्यावर भिंत लगेच बुजवू नये. उघडी ठेवून टाकीची रात्रीची खूण पुन्हा घ्यावी, ती जुळली म्हणजेच गिलावा करावा. भिंत पुरती वाळण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर भाताची पोती तिला टेकवू नयेत.

नळ दृष्टीआड गाडण्याची हौस आपल्याकडे अलीकडची आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले, तेव्हा जमिनीखालच्या त्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आले. हवा सुटावी, गाळ बसावा आणि माणसाने उतरून पाहावे, अशी ती सोय होती. त्या बांधकाम करणाऱ्यांनी गळती होणारच नाही असे गृहीत धरले नाही. होईल तेव्हा ती सापडावी, याची तजवीज केली. आजच्या घरात त्याचे रूप अगदी साधे आहे. प्रत्येक वळणाशी उघडता येणारी एक फरशी, प्रत्येक शाखेला एक कॉक आणि नळ कोठून गेले आहेत हे दाखविणारा हाताने काढलेला एक नकाशा, वीजमीटरच्या पेटीत घडी करून ठेवलेला. गिलावा करण्यापूर्वी भिंतीचे छायाचित्र काढून ठेवले तरी चालते. भ्रमणध्वनी आता घरोघर आहेत.

ग्रामपंचायतीचे काम घराच्या उंबरठ्याबाहेर सुरू होते. रस्त्यावर किंवा अंगणात अकारण ओल दिसली, तर ते पाणी नळाचे की झऱ्याचे, असा वाद नेहमी पडतो. पावसाळ्यानंतर कार्तिकापर्यंत या मुलखात झरे वाहतच असतात. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाजवळ क्लोरीन तपासण्याची ओ.टी.ची बाटली असते. पाझरणारे पाणी स्वच्छ नळकांडीत घेऊन त्यात ते द्रावण टाकावे. पिवळा रंग आला, तर त्या पाण्यात टी.सी.एल. आहे, म्हणजे ते नळाचेच. रंग आला नाही तर मात्र निर्णय देऊ नये, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन नाहीसा होतो. हीच बाटली घरातील शेवटच्या तोटीवरही वापरावी. जलकुंभाजवळ रंग गडद आणि गल्लीच्या टोकाच्या घरी कोराच राहत असेल, तर मधल्या वाटेत नळात काहीतरी शिरत असण्याचा संशय धरून ती गल्ली आधी तपासावी.

जलकुंभाला घराच्या टाकीचीच परीक्षा लागू पडते. महिन्यातून एका रात्री गावाकडचे वॉल्व्ह नेहमीसारखे बंद करून पातळी लिहावी आणि पहाटे पुन्हा लिहावी. पातळी उतरली, तर कुंभ तरी गळतो आहे किंवा वॉल्व्ह मिटत नाही. नंतर दुसऱ्या एका रात्री, लोक झोपलेले असताना, एकेका वाडीचा वॉल्व्ह तासभर उघडून उतार मोजावा. घराघरांतल्या टाक्या आधी भरलेल्या असल्या पाहिजेत, ही अट. ज्या वाडीकडे सर्वांत जास्त पाणी जाईल, तेथे खोदाईची सुरुवात करावी, आणि त्यातही प्रथम मुख्य नळावर जेथे घरची जोडणी फेरूलने घेतलेली असते ती जागा उघडावी. गटारातून गेलेली प्रत्येक जोडणी वर उचलून मोठ्या नळाच्या आवरणातून नेण्याचा ठराव यासोबतच व्हावा.

शाळांना यात एक वाटा उचलता येईल. ठिबकणाऱ्या तोटीखाली १ लिटरची बाटली धरावी आणि ती भरण्यास किती वेळ लागतो ते मुलांनी लिहावे. दोन तासांत भरली, तर दिवसाचे १२ लिटर आणि वर्षाचे ४,३८० लिटर. पाचवीच्या वर्गाला हा गुणाकार जड नाही. मुलांनी हा आकडा घरी नेला, आणि पाठोपाठ भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढण्यासाठी वडिलांच्या मागे लागली, तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीला होळीपर्यंत गावातील गळक्या घरांची यादी आयती मिळेल. ती यादी समितीच्या बैठकीत घरमालकाला चारचौघांत लाजविण्यासाठी वाचू नये. दोन-तीन घरे मिळून एक प्लंबर बोलावला तर जाण्यायेण्याची मजुरी वाटली जाते, आणि घोटीच्या बाजारात शनिवारी आलेल्या माणसाला वायसर, टेप आणि दोन कॉक पिशवीत घालून संध्याकाळपर्यंत घरी पोहोचता येते.